थंड डब्यावरचे कुंकू

माझी मुलगी आयटीत गेली नाही, ही गोष्ट कोथरूडच्या आमच्या सोसायटीने तिला बरीच वर्षे माफ केली नाही. ती प्रयोगशाळेत पेशी गोठवत असे; इतक्या झटकन, की आतल्या पाण्याला बर्फाचे स्फटिक होण्याची सवडच मिळू नये. मग परदेशातल्या एका अजस्र यंत्रावर क्ष-किरणांनी त्यांची छायाचित्रे घ्यायची. पेशी न कापता, न रंगवता आतले सारे दिसते. मात्र वाटेत जरा ऊब लागली, की स्फटिक धरतात आणि आतली रचना फाटते.

त्या यंत्रावर तिला मोठ्या प्रतीक्षेनंतर वेळ मिळाली होती. दसऱ्याला प्रयोगशाळा बंद, म्हणून पेशींचा डबा तिने आदल्या संध्याकाळी घरी आणला. द्रव नायट्रोजन शोषून कित्येक दिवस थंड राहणारा, दुधाच्या कॅनएवढा. सकाळी पूजेत माझ्या पत्नीने माझ्या फाउंटन पेनाशेजारी तोही मांडला, हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली.

दुपारी मुलगी आणि मी तो परदेशी रवाना करायला गेलो, तेव्हा कुरियरच्या कार्यालयातल्या तरुण बाईंनी डबा पाहून हात मागे घेतले.

"आजोबा, माळ काढता येईल. पण ही लाल भुकटी? असा नाही घेता येणार."

"कुंकू आहे ते. कोणत्या कलमाखाली मनाई आहे, ते लेखी द्या."

"कलम नाही माहीत. कुंकू मला कळतं हो, मीही सकाळी गाडीला लावूनच आले. तिकडच्या विमानतळावर कोणाला कळणार? डबा बाजूला काढून ठेवतील."

मी आवाज चढवला. ग्राहकाचे हक्क सांगितले, वरिष्ठांचे नाव मागितले. तक्रारीचा पहिला परिच्छेद मनात तयारही झाला होता.

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, खटला तुम्ही जिंकाल. तोवर माझ्या पेशी वितळलेल्या असतील."

मी रुमाल ओला केला आणि पुसू लागलो. कडीखालचे कुंकू काही निघेना. तेव्हा त्या बाई काउंटरबाहेर आल्या, पर्समधली कोल्ड क्रीमची डबी उघडून खाली बसल्या.

"आडवा नाही ना करायचा? बाण काढलाय वर," म्हणत त्यांनी तो सांधा लख्ख केला.

पेशी गोठलेल्याच पोहोचल्या. मुलीने तिकडून ईमेलने छायाचित्र पाठवले: करड्या छटांत अख्खी पेशी, मधोमध केंद्रक, कुठेही चीर नाही. पत्नी चष्मा लावून पडद्याशी वाकली.

"पूजा पुसलीत, तरी पोचल्या हो."

मनाईचे ते कलम मला अद्याप कोणी दाखवलेले नाही. मीही विचारायला गेलो नाही.