दोन मिनिटांचा पहारेकरी

सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मी साकोलीच्या शाळेतून दोन महिन्यांची रजा घेतली होती. आता दोन वर्षं होत आली. माझ्या जागी केव्हाच दुसरी बाई लागली. नवरा चिखल्याच्या खाणीत, पंधरा दिवसांनी घरी येतो. एरवी एकोडीच्या या घरात आम्ही दोघीच. त्या खाटेवर, आणि मी त्यांच्या हाकेच्या अंतरात.

आमचं फारसं कधी जमलं नव्हतं. बोलणं सुरू झालं ते टीव्हीमुळे. दुपारी एक जुनी गुप्तहेर मालिका पुन्हा दाखवतात. इन्स्पेक्टर तोच, खून नवा, पण पाहुणे नट मोजकेच, वेष बदलून फिरून फिरून येणारे. सासूबाईंना वाचता येत नाही, पण एकदा पाहिलेला चेहरा त्या विसरत नाहीत.

"हा तं मागच्या हप्त्यात मेला होता ना वो! आता वकील होऊन आला."

मग मीही ओळखू लागले. डॉक्टर झालेला पाकीटमार, विधवा झालेली मोलकरीण. तेवढा पाऊण तास सोडला तर दिवस जागचा हलत नसे.

या उन्हाळ्यात एका भागात बंगल्याचा पहारेकरी आला. "साहब घर पे नहीं हैं," म्हणाला आणि फाटक लावून घेतलं. सासूबाई कोपरावर जोर देऊन उठायला लागल्या.

"माह्या माहेरचा हाये हा!"

त्यांचं माहेर आता गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. त्यांनी सांगितलं, हा तेव्हा पोरगा होता, तिथल्या नाटकात बाईचं काम करायचा. एके दिवशी नाहीसा झाला. लोकांनी वैनगंगेत जाळी टाकून शोधलं. तो बुडाला असं धरून त्याच्या आईनं मरेपर्यंत नदीची मासोळी तोंडात घातली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच भाग पुन्हा लागला, तेव्हा मी मोबाइलवर तेवढा तुकडा घेतला. त्याची धाकटी बहीण पुनर्वसनाच्या गावात राहते. निरोप पाठवला तशी ती तिसऱ्या दिवशी बसनं आली. खाटेच्या कडेला बसून तिनं तो तुकडा तीनदा पाहिला.

"तोच हाये," ती म्हणाली. रडली नाही.

"तुले नवल नाही वाटत?" सासूबाईंनी विचारलं.

"मले मालूम होतं. पिशवी मीच नेऊन देली होती फाट्यावर. सकाळच्या यष्टीनं गेला."

सासूबाई एकदम ओरडल्याच, "अवो, नदीत जाळे टाकले लोकायनं! तुही माय झुरून मेली. काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं वापस आणला असता. तो म्हणे, इथं मी मरून जाईन. मंग माय गेल्यावर कोणाले सांगू?"

मी चहा ठेवायला आत गेले. मला त्या आईची कीव यायला हवी होती. आली नाही. माझ्या मनात एवढंच येत होतं, की फाट्यावर उभं असताना त्याला भीती वाटली असेल का, आणि गाडी सुटल्यावर त्यानं मागं वळून पाहिलं असेल का. चहा उतू गेला.

पाहुणी चारच्या बसनं परत गेली. जाताना तो तुकडा तिनं स्वतःच्या मोबाइलवर घेतला नाही.

संध्याकाळी सासूबाईंची कूस बदलून देत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"तुले जायाचं हाये का वो शाळेत?"

एवढ्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. "हो," मी म्हणाले.

त्यांनी त्याच वेळी मुलाला फोन लावायला सांगितला. "माह्याजवळ एखादी बाई ठेव. हिले जाऊ दे," म्हणाल्या. तो पलीकडून म्हणाला, "पाहू."

त्यानंतर तो सहा वेळा घरी येऊन गेला. दर वेळी सासूबाई विचारतात, आणि दर वेळी तो "पाहू" म्हणतो.