शिट्टीआधी हात शिका

भिवंडीत रग्बीची पहिली शिट्टी मी वाजवली! ऐकली मात्र कोणीच नाही.

लूमखाली रुई साचते तसे माझ्याकडे किस्से साचलेत. नवे रेफ्री विचारतात, "काका, सुधारायचं कसं?" मी सातवी नापास, काय सांगणार! मी केलं ते करू नका, एवढंच.

*

त्या मॅचला दोन्ही टीम नारपोलीच्या लूमवाल्यांच्या. खटखटाटानं कान गेलेले. कारखान्यात आम्ही सगळे ओठ बघून, हातवारे करूनच बोलायचो. शिट्टी फुंकून मी लाल झालो, तरी ढकलाढकली चालूच! शेवटी मधे घुसून दोन्ही हात हलवले, तर एकजण म्हणतो, "काय काका, लूम बंद करू?"

तेव्हा शिट्टीआधी हात शिका.

*

एकाला पिवळं कार्ड दाखवलं, म्हणजे दहा मिनिटं बाहेर. हा जाईना. "पिवळं कसं, काका? आमचं केशरी हाय! रेशनवाल्याला विचारा!"

मी असा हसलो की घड्याळ बघायचंच विसरलो. पठ्ठ्या हाफ टाइमपर्यंत बाहेर उभा. आधी घड्याळ, मग हसणं.

*

पूर्णा गावातली गोदामावरची पोरं नवीन होती. मी सांगितलं, "चेंडू म्हणजे काचेचं पार्सल. आपटला की फाउल!" मस्करी हो! फायनलला त्यांचा एकजण सुसाट सुटला. रेषेपलीकडे चेंडू टेकवला की जिंकले. हा रेषेजवळ थांबला, वाकला, अलगद ठेवायला गेला, तेवढ्यात तिघांनी पाडला.

मॅच गेली. चिखलातून मलाच विचारतो, "फुटला न्हाय ना, काका?"

तेव्हा हसू आलं नाही.

*

शेलार गावचा दिनेश माझा सगळ्यात चांगला खेळाडू. त्याचा बाप वीस वर्षं शेजारच्या लूमवर माझा जोडीदार. पाय ओढत ओढत प्रत्येक मॅचला यायचा. एकदा दिनेशच्या हातून सोपा चेंडू सुटला. मी आपला पुटपुटलो, "बाप लंगडा, पोरगा थोटा!" आवाजसुद्धा काढला नाही.

त्यानंतर दोघंही मैदानावर आले नाहीत.

आता माझे गुडघे गेले. शिट्टी द्यावी तर दिनेशलाच, म्हणून शेलारला गेलो. बाप ओट्यावर होता, मला बघून तोंड फिरवलं. मी दिनेशपुढे शिट्टी धरली. "चुकलो रे. पण देवाशप्पथ, तोंडातल्या तोंडात बोललो होतो. तुला ऐकू कसं गेलं?"

त्यानं शिट्टीला हात लावला नाही.

"माझी तं पाठ व्हती, काका. तुमच्या समोर बाबा व्हता."