माटोळीची दोन ओझी

चतुर्थीच्या दोन दिवस आधी आम्ही तिघं कोरगावच्या डोंगरावर माटोळीचं सामान आणायला गेलो. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. तिला रानातली फळं-फुलं बांधायची. बाबा पुढे, दादा मागे, मध्ये मी. राजभाषेच्या भांडणात बाबा मराठीचे, दादा कोंकणीचा. गोवा राज्य झालं, मिरवणुका थांबल्या, पण हे दोघं मिठाची गुळणी धरून बसले होते. गंमत म्हणजे घरात दोघांची बोली एकच, आणि आता तीही माझ्यामार्फत.

"ताका सांग, थंय निसरता," बाबा म्हणाले.

"माका दिसता म्हण," दादा म्हणाला.

दोघांमध्ये अंतर हातभर. मला हसूही येत होतं आणि चीडही.

पावसाने उघडीप दिली होती. वरच्या फांदीवर शेकरू खेकसत होतं. वेलीवर एक हिरवा हरणटोळ साप वेलीसारखाच पडून होता. दादाने तो मला बोटाने दाखवला, पण बाबांनाही दिसेल अशा बेताने. मला जरा बरं वाटलं.

पुढे घागरीचं झुडूप आलं. पिवळ्या फुलांचं, खुळखुळत्या शेंगांचं. ते फुलपाखरांनी भरून गेलं होतं. काळ्या पंखांवर फिकट निळे ठिपके, सुकल्या काड्यांनासुद्धा सोंड लावून बसलेली. फुलपाखरू बसलेली फांदी बाबा कधी कापत नसत. कोयता खाली करून ते उभे राहिले, म्हणून आम्हीही. ती काही उठायला तयार नव्हती.

तेवढ्यात माझी नजर दादाच्या पायाशी गेली. त्याने दोन ओझी बांधली होती. कांगलाच्या फळांचे घोस दोन्हीकडे, वाघनखीची फुलं दोन्हीकडे, लाल कवंडळंही. आमच्याकडे भाऊ कुठेही राहोत, गणपती मूळ घरात, एकच. दादाचं बिऱ्हाड म्हापशाला होतं. तिथे तो वेगळा गणपती आणणार होता. वेगळा गणपती आला म्हणजे घर फुटलं, मग ते कुणाला सांधता येत नाही.

बाबांनीही ते पाहिलं होतं. आता भडकतील असं वाटलं. भडकले असते तर फार बरं झालं असतं. वाऱ्याची झुळूक आली, फुलपाखरं उठली. बाबांनी शेंगांनी लगडलेली फांदी कापली आणि माझ्या हातात न देता सरळ दादापुढे धरली.

"बाजारातल्यो घेव नको. सुकल्यो आसतत. ही व्हर."

कित्येक महिन्यांनी ते त्याच्याशी बोलत होते. ह्यासाठीच तर मी देवाला साकडं घातलं होतं. दादाने दोन्ही हातांनी फांदी घेतली आणि "व्हय" म्हणाला. मला ओरडावंसं वाटलं, नका देऊ, नको घेऊस. परवा आमच्या गणपतीपुढे आरतीला दादा नसणार, हे बाबांनी कबूल करून टाकलं होतं.