“काका, फुंका”

“काका, फुंका.”

सकाळचे दहा. हैदराबादच्या बेगम बाजारातील केशर-वेलचीचे घाऊक दुकान. गिऱ्हाईक गादीवर बसलेले. मालक खुर्चीतून न उठता मान पुढे करीत. मी वाकून त्यांच्या नाकासमोर श्वास सोडीत असे. मालक पस्तिशीचे, मी सदुसष्ट वर्षांचा. त्यांचे नाक बाजारात प्रसिद्ध होते. केशरात मक्याचे रंगवलेले तंतू मिसळले असतील, तर डबी उघडताच ते सांगत. दुकान हाती आल्यापासून सहा वर्षे त्याच नाकाने रोज मला तपासत आणि म्हणत, “ठीक. बसा काट्यावर.”

नवे गिऱ्हाईक असले की ते समजावून सांगत, “वडिलांच्या वेळचा माणूस आहे. हात बघा कसा नाचतो. पूर्वी लई प्यायचे काका. मी लक्ष ठेवतो, बेफिकीर राहा.”

हात हलत होता, हे खरे. पूर्वी पीत होतो, हेही खरे. या दोहोंचा एकमेकांशी संबंध नव्हता. ते मी कधी सांगितले नाही.

पस्तिशीपासून मला मनाचा आजार आहे. काही आठवडे झोप लागत नाही आणि सारे जग मुठीत आल्यासारखे वाटते. मग काही महिने अंथरुणातून उठवत नाही. पहिली वीस वर्षे मी त्यावर दारू ओतली. अखेर पत्नीने एरागड्ड्याच्या मनोरुग्णांच्या दवाखान्यात नेले. हैदराबादेत एरागड्डा हे मोहल्ल्याचे नाव उरलेले नाही. ती शिवी झाली आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी लिथियमच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, “यांच्याबरोबर दारू चालणार नाही. काय ते ठरवा.” मी ठरवले. त्यानंतर बारा वर्षे थेंब नाही. गोळीने मन जागेवर राहिले. बोटे मात्र थरथरू लागली.

दुकानात मला दारुडा समजत. वेडा समजले असते तर काटा गेला असता. चाळीस वर्षे त्या काट्यावर केशर तोलत बसलो होतो. म्हणून फुंकत राहिलो. ही माझी लाज आहे. तिचा दोष मालकांवर टाकत नाही.

गेल्या रमजानच्या तोंडावर केशराची मागणी वाढली. मालक म्हणाले, “काका, यंदा हात थांबला नाही, तर मागे पोती मोजायला जा. काट्यावर दुसरा बसवतो.”

मी हात थांबवला. गोळी बंद केली. पत्नी पट्टी पाहत असे, म्हणून रोज तीतून एक गोळी काढायची आणि वेलचीच्या रिकाम्या डब्यात टाकायची. दहा-बारा दिवसांत बोटे दगडासारखी स्थिर झाली.

“बघा, सोडली की नाही?” मालक म्हणाले. “हात माणसात आला तुमचा.” त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यालो.

तिसऱ्या आठवड्यात झोप गेली. एका दुपारी मी केशराची डबी घेऊन रस्त्यावर गेलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवू लागलो. घ्या, हे तुमचेच आहे, असे म्हणत होतो. लोक घेत होते. हसत होते. हमाल यादगिरीने मला कमरेला धरले. मालक पायरीवरून सर्वांना सांगत होते, “पिलेला आहे. लक्ष देऊ नका.”

यादगिरी म्हणाला, “बू नहीं आ री, सेठ. बीमार है बुड्ढा.”

त्या दिवशी खरे बोललेला तो एकटाच. त्याच्या नाकाची बाजारात काही ख्याती नव्हती.

महिन्याभराने दवाखान्यातून सुटून दुकानात गेलो. गोळी सुरू होती. हात पुन्हा हलत होता. गादीवर दोन गिऱ्हाईके होती. मालकांनी मला बाजूला घेतले.

“काटा तुमचाच आहे, काका. फक्त एक करा. लोक विचारतात. त्यांना सांगा, त्या दिवशी जरा जास्त झाली होती.”

“मी प्यालो नव्हतो.”

“मला माहीत आहे. नाक आहे मला.”

“मग सहा वर्षे फुंकायला का लावले?”

“गिऱ्हाईकाला भरोसा वाटतो.” ते शांतपणे म्हणाले. “पिणारा सुधारतो, असे लोकांना वाटते. येड्याच्या हातून माल कोण घेईल? तुमच्याच फायद्याचे सांगतो.”

ते खुर्चीत जाऊन बसले. मान पुढे केली. “चला. फुंका.”

मी उभाच राहिलो. खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. तांब्यातले पाणी पेल्यात ओतले. अर्धे सदऱ्यावर सांडले. सर्वांदेखत गोळी गिळली आणि गिऱ्हाईकांकडे वळून म्हणालो, “मी बारा वर्षे दारू प्यालेलो नाही. मला मनाचा आजार आहे. त्या दिवशी पोटात दारू नव्हती, गोळीही नव्हती. हा हात गोळीने हलतो.”

एक जण चप्पल घालून निघून गेला. दुसरा बसून राहिला आणि मालकांकडे पाहू लागला.

“आता या बाजारात तुम्हाला काटा कोण देतो, बघू,” मालक म्हणाले.

कुणी दिला नाही. चार दुकाने फिरलो. चौघांनीही माझ्या हाताकडे पाहिले आणि चौघांनाही मी खरे सांगितले. आता घरी असतो. पत्नीला डब्याची गोष्ट सांगितली. तो डबा तिने फेकून दिला.

दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला जावे लागते. पूर्वी मी बसमध्ये एक थांबा अलीकडचे तिकीट मागत असे आणि उरलेले अंतर चालत जाई. आता कंडक्टरने विचारले की सांगतो, “एरागड्डा. दवाखाना.” पुढच्या बाकावरचे वळून पाहतात. मी हात खिशात घालत नाही. दारूला हात लावणार नाही. गोळी सोडणार नाही. आणि यापुढे कुणाच्या नाकासमोर वाकणार नाही.