काठीच्या खड्ड्याला वळसा

रणजीत पठारे पिंपळदऱ्याच्या नगरपरिषदेत खोदाईचे परवाने देतो. पाण्याची लाइन असो की विजेची केबल, रस्त्याला कुदळ लावायची तर याची सही लागते. अन् गडी असा, की साहेबाच्या मेव्हण्यालाही नियम सोडत नाही. सोडला तो एकदाच, देवासाठी.

गावच्या वेशीपाशी भैरोबाच्या जत्रेची काठी उभी करायचा खड्डा आहे, तोंडावर शेंदरी दगड ठेवलेला. नव्या पाण्याच्या लाइनची चारी नेमकी त्याच्यावरून जाणार होती. काठीचा मान रणजीतच्या चुलत्याचा, नानासाहेबांचा. "देवाच्या जागंवर कुदळ? न्हाई चालायचं," त्यांनी ठणकावलं. मग काय! परवान्यात चारी सरळच राहिली, अन् मजुराला, किसनला, रणजीतने तोंडी सांगितलं, "खड्ड्याला पूर्वेकडनं वळसा घाल, भावा."

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज कंपनीच्या तनुजा मॅडमचा फोन आला. "काठीपाशी जपून हं. आमची केबल नकाशात सरळ दिसते, पण टाकताना तुमच्या काकांनी वळसा घालायला लावला होता. पूर्वेकडून."

म्हणजे किसन नेमका केबलवरच खणत होता. "मॅडम, लाइन बंद करा! माणूस आहे तिथं!" तो ओरडला. पण मॅडमना वर विचारून बंद करायला वेळ लागणार होता. किसनचा फोन नुसता वाजत राहिला. उचलणार कसा? कामाला लागताना तो सदरा झाडाला टांगतो, फोन त्याच्याच खिशात.

रणजीत गाडीवरून निघाला, तर चौकात एक कंटेनर आडवा. त्याने गाडी तिथेच टाकली अन् पळत सुटला. देवा, पोहोचू दे रे, एवढंच तोंडात.

किसन कंबरेएवढ्या चारीत उभा होता. कुदळ डोक्यावर उचललेली.

"किसन! थांब! टाक ती कुदळ!"

कुदळ मागे पडली. रणजीतने त्याला हाताला धरून वर ओढलं. खाली मातीतून केबलवर रचलेल्या विटा दिसत होत्या. एक वीट फुटली होती.

किसन खाली बसला. "साहेब, तुमी सांगितलं तसंच खांदत होतो की."

"चूक माझी रे. माझीच," रणजीत म्हणाला. त्याला किसनकडे बघवेना.

कुणीतरी सांगितलं म्हणून नानासाहेब आले, तोवर रणजीत खड्ड्यावरून सरळ, नव्या चारीसाठी चुन्याची फक्की ओढत होता.

"रणजीत! भैरोबा बघतोय!"

"बघू द्या, काका. मघाशीही तो बघतच होता."

नानासाहेब चारीच्या कडेला गेले. फुटकी वीट त्यांनी पाहिली, किसनकडे पाहिलं. मग पायातल्या वहाणा काढल्या अन् खड्ड्याच्या तोंडावरचा शेंदरी दगड स्वतःच्या हाताने उचलून बाजूला ठेवला.