अक्कांच्या लिहिण्याचे चार दिवस

“साप चावला नसेल तर तसं लिहून पाठवा, सिस्टर! नुसतं गप्प बसून कसं चालेल?”

फोनवर ओरडत होते ते आमचे हेडक्लार्क. वयामुळे सगळे त्यांना आबा म्हणत. पलीकडचं उत्तर मला ऐकू आलं नाही, पण आबांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला, त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि खाली ठेवला. “म्हणते, सापांना विचारून कळवते,” ते स्वतःशीच पुटपुटले.

सरकारी कागदाशी इतक्या मनापासून आणि इतक्या उघडपणे भांडणारी बाई अख्ख्या खानदेशात दुसरी झाली नसेल, असं मी आजही मानते. कार्यालयात त्यांना सिस्टर म्हणत, त्यांच्या गावात बाई म्हणत, आणि मी अक्का म्हणायचे. पहूरच्या पलीकडे एका गावात आरोग्य उपकेंद्र होतं, तिथं त्या नर्स होत्या. रिटायर व्हायला दोन वर्षं उरली होती. मी नुकतीच जळगावच्या आरोग्य कार्यालयात लागले होते, तीही तात्पुरती. दर सहा महिन्यांनी माझी ऑर्डर नवी निघायची, आणि निघेपर्यंत मी कोणाशी फारशी बोलायची नाही. तशीही मी बोलत नसेच. माझं शिक्षण धुळ्याला इंग्रजी शाळेत झालं होतं. मराठी मला यायचं, पण चारचौघांत बोलायची लाज वाटायची. माझं काम एवढंच, की गावोगावच्या नर्सचे मासिक अहवाल घ्यायचे, आकडे मोठ्या तक्त्यात उतरवायचे आणि तक्ता वर पाठवायचा. पहिल्या महिन्यात बहुतेक फॉर्मांवर ‘निरंक’ लिहिलेलं पाहून मला वाटलं, हा एखादा रोग असावा आणि तो जिल्हाभर पसरला असावा. त्याचा अर्थ ‘काही नाही’ असा होतो, हे मी कोणाला न विचारता, घरी पिंप्राळ्याला जाऊन शब्दकोशात पाहिलं.

अक्कांच्या फॉर्मांवर मात्र निरंक कधी नसायचं. त्यांना तो शब्द उद्धट वाटे. सर्पदंशाच्या फॉर्मात त्या लिहीत, ‘साप आहेत. चावले नाहीत.’ नारूच्या, म्हणजे पाण्यातून होणाऱ्या जंताच्या फॉर्मात, ‘नारू नाही. पायऱ्यांच्या विहिरीत पाय घालून पाणी भरतात, ते मात्र आहे.’ जुलाबाच्या पाकिटांचा साठा विचारला की, ‘पाकिटं संपली. मीठ-साखर घरोघर आहे, ती शिकवली.’ शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद. अक्कांचं अक्षर त्यातून बाहेर पडून समासात जाई, समासातून पाठीमागे. आबा लाल पेनानं ते सगळं खोडून वर निरंक लिहीत. खोडण्याआधी मी ते वाचून घ्यायची. त्या कार्यालयात मी आपणहून वाचलेलं तेवढंच.

दर महिन्याला त्यांना एकोणीस फॉर्म आणि त्यामागची तितकीच रजिस्टरं भरावी लागत. एक बाळ जन्मलं की त्याचं नाव सात ठिकाणी. कोणी लसीसाठी विचारी, कोणी वजनासाठी, कोणी कुटुंबकल्याणासाठी, आणि प्रत्येकाचे रकाने वेगळे, म्हणून कार्बन फक्त एकाच फॉर्मच्या प्रतींपुरता. अक्कांची स्वतःची एक जाड वही होती. तिच्यात घराला एक पान, आणि पानं त्यांच्या फिरण्याच्या वाटेनं लावलेली. कोण गरोदर, कोणाला खोकला, कोणाच्या पोराला कोणती लस राहिली, सगळं त्या एका पानावर. ‘कुत्रं चावरं, अंगणातूनच हाक मारणे’ हेसुद्धा. काहीही विचारा, अक्का वही उघडून मिनिटात सांगत. पण त्या वहीला नंबर नव्हता, म्हणून ती कार्यालयाच्या लेखी नव्हती.

एकदा त्यांनी महिन्याचे सगळे कागद बाळं तोलायच्या काट्याला, झोळीत घालून टांगले. त्या महिन्याच्या पहिल्या पानावर शेरा होता, ‘अहवालाचं वजन तीन किलो दोनशे. बाळ असतं तर ठणठणीत म्हटलं असतं.’ आबांनी ते लाल पेनानं दोनदा खोडलं. आबा वाईट नव्हते. वरून फोन आला की ते खुर्चीतून उठून उभ्यानं बोलत, ते मी पाहिलं होतं.

पहिल्यांदा त्या माझ्या टेबलाशी आल्या तेव्हा त्यांनी मला निरखून पाहत अहिराणीत विचारलं होतं, “तुनं गाव कोनतं शे, माय?” मी धुळं म्हटलं. “मंग तू आपलीच शे,” म्हणून त्यांनी पिशवीतून कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी काढली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. त्यांची बोटं कार्बननं निळी असत. टोचताना बाळाच्या दंडावर निळा ठिपका उमटे. गावातल्या आया तो औषधाचाच भाग समजत. ठिपका उठला नाही तर म्हणत, “बाई, निळं लावायचं राहिलं.” मग अक्का मुद्दाम बोट टेकवत.

महिन्याच्या पहिल्या चार तारखा त्यांच्या लिहिण्याच्या. उपकेंद्राच्या ओट्यावर पट्टी आणि रजिस्टरं मांडून त्या सकाळपासून बसत. येणाऱ्या-जाणाऱ्याला दम देत, “चार दिवस कोणी दुखणं काढायचं नाही हां! मी लिहायला बसलेय.” लोक हसत. पोरं एकमेकांना म्हणत, “खोकू नको, बाई लिहितायत.”

मधे वरून एक परिपत्रक आलं, अहवालांची संख्या कमी करण्याबाबत. प्रत्येक फॉर्मला किती वेळ लागतो, ते चौदा रकान्यांत, तीन प्रतींत, दरमहा कळवायचं होतं. आता अक्कांचे फॉर्म वीस झाले. त्यांनी पहिल्याच महिन्यात लिहिलं, ‘हा भरायला एक तास लागला. हाच आधी कमी करावा.’

मग श्रावणात ते झालं. दोन वर्षांच्या एका पोराला दोन तारखेला जुलाब सुरू झाले. घर उपकेंद्रापासून तीन गल्ल्या. आईनं त्याला चार तारखेपर्यंत घरीच ठेवलं, आणि आणलं तेव्हा त्याचे डोळे आत गेले होते. अक्कांनी दुधाचा टेम्पो थांबवला आणि त्याला मांडीवर घेऊन जळगावच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. पोरगं वाचलं. तिथून त्या सरळ माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. लुगड्यावर सलाइनचे डाग वाळलेले.

“मी तिला विचारलं, आधी का नाही आणलंस? तर म्हणते, बाई, तुम्हीच सांगितलं होतं ना, चार दिवस दुखणं काढू नका.” निळी बोटं पदराला पुसत त्या अहिराणीत म्हणाल्या, “गंमतनी गोट व्हती ती. पन तिनी मनं ऐकं, माय.”

त्या महिन्यापासून अक्कांनी एकही अहवाल पाठवला नाही. फक्त एक ओळ पाठवली, ‘पहिल्या चार तारखांना मी गावात फिरते. कागद भरायला वेळ नाही.’ आबा घाबरले. एका गावाची ओळ रिकामी ठेवून तक्ता पाठवायचा म्हणजे वरून विचारणा होणार. “मागच्या महिन्याचे आकडे ओढ, तेच पुन्हा उतरव,” ते मला म्हणाले. “थोडे दिवस. ती ताळ्यावर येईल.” माझी नवी ऑर्डर त्यांच्याच टेबलावर होती. मी आधी पेन्सिलीनं आकडे ओढले, मग शाईनं. दुसऱ्या महिन्यातही, तिसऱ्या महिन्यातही. अक्कांना मी हे सांगितलं नाही.

अक्कांना नोटिशीवर नोटीस गेली, आणि शेवटी चौकशीला वरून एक साहेब आले. अहवालांअभावी कामात अडथळा आला असं सिद्ध झालं, तर वेतनवाढ थांबणार होती आणि पेन्शनचा कागद अडकणार होता. त्या एकट्या होत्या. पेन्शनवर धुळ्याकडे भावाच्या गावी एक खोली बांधायची, एवढंच त्यांचं ठरलेलं.

बाहेरच्या बाकावर त्या दिवशी आम्ही शेजारी बसलो होतो. त्यांच्या नव्या लुगड्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. हात मात्र स्वच्छ होते, कार्बनचा डाग कुठेच नव्हता, आणि मला ते हात परक्या बाईचे वाटले. आत बोलावण्याआधी त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “तुला विचारतील. अहवाल आले नाहीत, एवढंच म्हण. खरं तेच आहे. तुझी नोकरी अजून कच्ची आहे, पोरी. माझ्यासाठी तोंड उघडू नको.”

आत पंखा चालू होता, कागदांवर पेपरवेट होते. साहेबांचा आवाज शांत होता. “यांचे अहवाल न आल्यानं नेमका काय अडथळा आला, ते मला नोंदीला हवं आहे.”

“मोठा अडथळा, साहेब,” आबा म्हणाले. “ही मुलगी ते टेबल पाहते. सांग गं.”

सगळे माझ्याकडे वळले. समोरून अक्कांनी अगदी बारीक मान हलवली, नको म्हणून. आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ते आपल्या पेनाचं टोपण लावत-काढत होते. माझ्या डोक्यात आधी इंग्रजी वाक्य तयार झालं, शाळेत उभं केल्यावर व्हायचं तसं. ते मी सोडून दिलं, उभी राहिले, आणि टेबलाची कड धरून मराठीत बोलले.

“काहीच अडथळा आला नाही, साहेब. तीन महिने यांच्या गावाचे आकडे मी जुन्यावरून उतरवून पाठवले. तीन महिने तिथं तेवढीच बाळं जन्मली आणि तेवढेच जुलाब झाले. वरून कोणी एकदाही विचारलं नाही.”