मनीषाची एक जास्तीची नळी

मंडळी, घरी येऊन दोन तास झाले, तरी डोक्यातून ती पोर जात नाहीये.

सकाळी मुलुंडच्या एका हॉस्पिटलात सिकलसेलच्या मुलांना गोष्टीची पुस्तकं द्यायला गेले होते. या आजारात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अडकतात आणि हाडं ठणकतात. नऊ वर्षांची मनीषा आरेच्या जंगलातल्या आदिवासी पाड्यातून आईसोबत तपासणीला आली होती.

डॉक्टर मॅडम तिच्या आईला म्हणाल्या, "आज एक नळी रक्त जास्त हवंय, संशोधनासाठी. नको असेल तर बिनधास्त नाही म्हणा."

"आधीच पोरीच्या अंगात रक्त कमी, मॅडम," आई कुरकुरली.

मनीषानेच विचारलं, "त्याने मी बरी होईन?"

मॅडम खोटं बोलल्या नाहीत. "तुझं नाही सांगता येणार गं. पुढच्या मुलांना उपयोग होईल."

तिने जरा विचार केला, आईकडे बघितलं. आईने हळूच मान हलवली.

"मग घ्या. पण डाव्या हातातून. उजवीकडची शीर लपते, उगाच तीनदा टोचावं लागतं."

सिस्टर हसल्या. मनीषा नाही हसली, ती कामाचं सांगत होती!

आणि मी? आमच्या सोसायटीत दरवर्षी रक्तदान शिबिर असतं. सुईच्या भीतीने मी दरवेळी "आज जरा बरं नाही" म्हणून वर घरातच बसते. यार, माझी शीर तर कुठे लपतही नाही.

उद्या शिबिर आहे. मी खाली उतरतेय. तुमच्यापैकी अजून कोण वर लपून बसलंय?